एक रकाना डावीकडे

घरात तिला धाकटी म्हणत. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली, पन्नाशी उलटून चार वर्षं झाली, डोक्यावर काळ्यापेक्षा पांढरे जास्त झाले, तरी थोरली बहीण हाक मारायची ती 'धाकटे' अशीच. घरात दोघीच. थोरलीनं तीस वर्षं टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून लोकांचे नंबर जोडून दिले आणि दोन कुरकुरणारे गुडघे घेऊन ती घरी बसली. धाकटीचं लग्न एकदा ठरलं होतं, ते मोडलं. पुढे कुणी विचारलं नाही आणि कामाच्या रगाड्यात आपल्यालाही आठवण राहिली नाही, असं ती सांगायची.

ती ज्या रुग्णालयात कामाला होती तिथं तिला कॉम्प्युटरबाई म्हणत. तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. भिंतीपलीकडे चादरी धुण्याची यंत्रं होती. ती सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि कपातल्या चहावर बारीक वलयं उठायची. ती मूळची टंकलेखिका. संगणक आले तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांनी हात वर केले आणि तेव्हाचे अधीक्षक म्हणाले, "हिला पाठवा शिकायला, ही कुरकुर करत नाही." कुरकुर न करण्याचं हे असं फळ मिळतं. चाळिशीत पुस्तकं घेऊन बसली, प्रोग्राम लिहायला शिकली, आणि मग जे काही अडेल ते तिच्या गळ्यात पडू लागलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी कॉम्प्युटरबाई आणि पंखा बंद पडला तरी कॉम्प्युटरबाई.

तिच्या हातचं एक काम मात्र सगळ्यांनी नावाजलं होतं. रक्त तपासणीचे आकडे प्रयोगशाळेतून वॉर्डात कागदावर यायचे. कागद हरवायचे, ओले व्हायचे, दुसऱ्याच्याच खाटेवर सापडायचे. अकरा वर्षांपूर्वी धाकटीनं एक प्रोग्राम लिहिला आणि ते आकडे थेट वॉर्डातल्या पडद्यावर दिसू लागले. एका रोग्याची एक ओळ. आधी खाटेचा नंबर, मग साखर, युरिया, सोडियम, क्रिएटिनिन, पोटॅशियम. प्रयोगशाळेतून येणारी फाइल साधी होती. प्रत्येक आकड्यानंतर एक टॅब, म्हणजे कळफलकाच्या डाव्या अंगाचं ते बटण दाबल्यावर पडते ती मोकळी उडी. प्रोग्रामनं ओळ घ्यायची, टॅब दिसेल तिथं तोडायची आणि तुकडे आपापल्या रकान्यात नेऊन बसवायचे. भाजी चिरण्याइतकं सोपं काम.

फक्त तेव्हा एक अडचण होती. ते आकडे प्रयोगशाळेतला एक वयस्कर कारकून हातानं टाइप करायचा. त्याला रकाने डोळ्यांना सरळ रेषेत दिसायला हवे असत, म्हणून तो कुठं एक टॅब मारायचा, कुठं दोन, कुठं तीन. त्याला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणायचा, "बाई, वाकडं काम माझ्या हातून व्हायचं नाही." शेवटी धाकटीनं प्रोग्रामलाच सांगून टाकलं की एकापाठोपाठ कितीही टॅब आले तरी ते एकच समज. प्रश्न मिटला. एखादी तपासणी झाली नसेल तर कारकून त्या जागी आडवी रेघ मारायचा, तीही रकान्यात नीट बसायची. पुढे कारकून निवृत्त झाला, त्याच्या जागी यंत्र आलं, तेही आडवी रेघ मारायचं. अकरा वर्षांत त्या प्रोग्रामला कुणी हात लावला नाही. धाकटीनंही नाही.

मग जुनं यंत्र बंद पडलं आणि नवं आलं.

नवं यंत्र सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. सकाळची वेळ होती. धाकटी वह्यांच्या मागणीचा अर्ज भरत होती, तेवढ्यात दारात मोठ्या सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. त्या जिना उतरून खाली कधी येत नसत. खाली येणं त्यांच्या पायांना परवडत नव्हतं.

"कॉम्प्युटरबाई, जरा वर चला."

"पडदा बंद पडला का?"

"पडदा चालू आहे. तेच तर दुखणं आहे."

वर जाताना सिस्टरनी जिन्यातच सगळं सांगितलं. चौदा नंबरच्या खाटेवर एक कुलूपवाला होता. बाजारात कुलपं दुरुस्त करायचं, किल्ल्या घासून द्यायचं दुकान. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आला होता. शस्त्रक्रियेच्या आधी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन चार पूर्णांक चार. माणसाचं साधारण एकाच्या आसपास असतं. चारच्या वर गेलं म्हणजे मूत्रपिंडानं हात टेकले. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. दोन दिवसांनी पुन्हा तपासलं, तर चार पूर्णांक सहा. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं घरच्यांना बोलावून सांगितलं की किडन्या निकामी व्हायला लागल्यात. पाणी मोजून, मीठ बंद.

"पण मला पटेना," सिस्टर म्हणाल्या. मधल्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. "पायाला सूज नाही. लघवी व्यवस्थित. आणि युरिया बघितला तर अगदी सरळ. किडनी गेली तर युरिया कसा सरळ राहील? छत्तीस वर्षं झाली मला इथं. आज सकाळी बघते तर सहा नंबरचंही तसंच, एकवीसचंही तसंच. आणि तिघांचाही शेवटचा रकाना रिकामा. पोटॅशियम नाहीच."

धाकटी वॉर्डातल्या पडद्यासमोर उभी राहिली. चौदा नंबरची ओळ वाचली. क्रिएटिनिनच्या रकान्यात ४.६. पोटॅशियमच्या रकान्यात काही नाही. तिनं पुन्हा वाचलं. निरोगी माणसाचं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतं, एवढं अकरा वर्षं तेच रकाने बघून तिलाही ठाऊक झालं होतं.

"सिस्टर, हे क्रिएटिनिन नाही," ती म्हणाली. "पोटॅशियम आहे. एक रकाना डावीकडे सरकलंय."

खाली येऊन तिनं प्रयोगशाळेची मूळ फाइल उघडली. चौदा नंबरच्या ओळीत सोडियमनंतर एक टॅब होता, आणि त्याला चिकटून लगेच दुसरा. मधे काही नव्हतं. प्रयोगशाळेत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "हो, क्रिएटिनिनचं रसायन संपत आलंय ना, म्हणून मधूनमधून ती तपासणी बंद ठेवतोय. नवीन आलं की राहिलेल्या करू. आमच्या छापील कागदावर ती जागा कोरीच असते, कुणालाही कळेल."

कळलं असतं. पण छापील कागद वॉर्डात जाणं धाकटीच्या पडद्यामुळेच बंद झालं होतं.

नवं यंत्र रेघ मारत नव्हतं. तपासणी नसेल तिथं जागा कोरी सोडून पुढे जात होतं. आणि तिचा प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी शिकवल्याप्रमाणे शेजारशेजारचे दोन टॅब एकच समजून त्यानंतरचा आकडा उचलून मोकळ्या रकान्यात बसवत होता. इमानदारीनं, सांगितलं तसं. ती ओळ तिला लगेच सापडली. वरती तिनंच तेव्हा लिहून ठेवलं होतं: 'कारकून जास्तीचे टॅब मारतात, म्हणून.' दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. एक टॅब म्हणजे एकच रकाना, आणि दोन टॅबांमध्ये काही नसेल तर त्या जागी 'तपासणी झाली नाही' असे शब्द. रेघ नाही, पूर्ण शब्द.

मग तिनं अधीक्षकांच्या कचेरीत फोन लावला. भिंतीपलीकडची यंत्रं चादरी घुसळत होती.

अधीक्षकांच्या खोलीत दुपारी बैठक झाली. अधीक्षक नवे होते, दीड वर्षापूर्वी आलेले, माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भ्यायचा. ते म्हणाले, "यंत्रामध्ये तांत्रिक बिघाड झाला, तो दुरुस्त केला, एवढी सूचना लावू. लोकांना टॅब आणि रकाने सांगून काय करायचंय?"

"यंत्रात बिघाड नव्हता, साहेब," धाकटी म्हणाली. "माझ्या प्रोग्रामात होता."

"बाई, मी तुम्हाला वाचवायला बघतोय."

"कळतंय मला. पण उद्या प्रयोगशाळेतल्या पोरीवर बालंट येईल. तिनं तर जागा कोरी ठेवली होती."

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग लेखी द्या."

तिनं तिथंच बसून लेखी दिलं. पाच ओळी झाल्या. मग विचारलं, "किती रोग्यांचं असं झालं ते शोधावं लागेल. मी शोधते."

शोधायला एक छोटा प्रोग्राम पुरला असता. तिनं तो लिहिलाही. पण उत्तर आलं तेव्हा आपल्याच हातच्या उत्तरावर तिचा विश्वास बसेना. म्हणून तिनं प्रयोगशाळेची छापील नोंदवही मागवली, लाकडी पट्टी घेतली आणि एकेक ओळ पट्टीखाली धरून वाचत गेली. नऊ दिवसांच्या तेराशेच्या वर ओळी. दोन दिवस लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की उठून नळावर जायची, परत बसायची. त्यांत एकेचाळीस रोगी निघाले. प्रोग्रामनंही एकेचाळीसच सांगितले होते. तिला त्याचं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पंधरा जण अजून रुग्णालयात होते, त्यांचं डॉक्टरांनी बघून घेतलं. सव्वीस जण घरी गेले होते. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी यादी तपासली, कुणाला पुन्हा रक्त द्यायला बोलवायचं, कुणाची बंद केलेली औषधं चालू करायची, तशा खुणा केल्या. फोन कुणी करायचे म्हटल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मी करते," धाकटी म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की तिच्या जिभेला गाठ पडायची.

त्याआधी ती चौदा नंबरला गेली. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कुलूपवाला साठीचा, बारीक अंगाचा, बोटांच्या टोकांना काळे चरे पडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शस्त्रक्रिया ठरली होती. शेजारी स्टुलावर त्याची बायको बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी. डॉक्टरांनी त्यांना तपासणी चुकली एवढं सांगितलं होतं. धाकटी पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पडद्यावर आकडे दाखवायचं काम माझं आहे. तुमचा आकडा माझ्यामुळे चुकीच्या जागी दिसला. यंत्र बरोबर होतं, रक्तही बरोबर होतं. चूक माझी आहे."

कुलूपवाल्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "म्हणजे किल्ली दुसऱ्याच कुलपाला लावली."

"हो. तसंच."

"लागते कधीकधी," तो म्हणाला. "वाईट तेच असतं. न लागणारी किल्ली बरी, माणूस लगेच बाजूला ठेवतो." मग तो भिंतीकडे तोंड करून पडला. रागावला होता की थकला होता, ते कळायला मार्ग नव्हता.

बायको तिच्याबरोबर उठून बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या. बराच वेळ ती पिशवीची घडी घालत आणि उलगडत राहिली.

"डॉक्टर म्हणाले, पुढेमागे किडनी बदलावी लागेल," ती म्हणाली. "पुढेमागे म्हणाले होते. पण मला कुठं धीर? माझी तर साखरेची, कोण घेणार. मी घरी जाऊन मुलांना विचारलं. थोरला म्हणाला, बघू. एवढंच. बघू. दुसरा म्हणाला, माझी लेकरं लहान आहेत. आणि सून आतून भांडी ठेवून आली आणि म्हणाली, माझी चालेल का ते विचारून या."

धाकटी तिच्याकडे वळून बसली.

"त्याच सुनेशी मी चार वर्षं धड बोलले नाही. तिनं घरात आल्या आल्या माझं कपाट आवरलं म्हणून." बाईंनी पिशवीची आणखी एक घडी घातली. "आता तुम्ही म्हणता, काही झालंच नव्हतं. बरं झालं. देव पावला. पण मुलगा 'बघू' म्हणाला ते ह्यांच्या कानावर गेलंय. ते मी आता कसं परत घेऊ?"

"मावशी, मला नाही सांगता यायचं."

"मी तुम्हाला नाही विचारत हो. नुसतं बोलतेय. घरात बोलायची सोय नाही राहिली."

त्या म्हाताऱ्या बाईनं तिला एक शिवी दिली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं. मग बाईच म्हणाल्या, "जा आता. तुम्हाला कामं असतील."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर धाकटीनं थोरलीला सगळं सांगितलं. थोरली गुडघ्याला तेल लावत होती. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून देऊन गप्प राहण्याची सवय लागलेली.

"सव्वीस फोन," धाकटी म्हणाली. "मला पहिल्याच फोनला तोंड उघडायचं नाही."

"उघडेल. आधी आपण कोण, कुठून ते सांग. माणूस दवाखान्याचं नाव ऐकून घाबरतो, म्हणून लगेच सांग की वाईट बातमी नाही. मग चूक सांग. मग काय करायचं ते सांग. आणि मग गप्प बस."

"गप्प?"

"गप्प. आपल्याला वाटतं शांतता पडली की काहीतरी बोलावं. बोलायचं नाही. पलीकडचा माणूस विचार करत असतो. त्याला करू द्यावा. आणि फोन आधी त्यानं ठेवायचा, आपण नाही."

धाकटीनं एका कागदावर ते लिहून घेतलं. थोरली हसली. "आणि 'तांत्रिक कारणामुळे' म्हणू नकोस. आम्ही आयुष्यभर म्हटलं. कुणी एकदाही विश्वास ठेवला नाही."

पुढचे तीन दिवस सकाळी दहापासून ती जिन्याखालच्या खोलीत दार लावून फोन करत होती. पहिला फोन एका बसचालकाला. तो सगळं ऐकून म्हणाला, "बरं," आणि ठेवला. दुसऱ्या फोनवरच्या बाई इतक्या ओरडल्या की धाकटीनं फोन कानापासून दूर धरला. त्या दमल्या तेव्हा पुन्हा कानाला लावला आणि म्हणाली, "तुमचं बरोबर आहे." एक शिक्षिका रडली. एकानं आपण आकडा बघितलाच नव्हता, असं सांगितलं आणि उलट तिचीच समजूत घातली. एका घरी रक्तदाबाचं औषध त्या आकड्यापायी बंद केलं होतं, तिथल्या मुलीनं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि मग हळूच म्हणाली, "चार दिवस बाबांना गरगरतंय. आम्हाला वाटलं किडनीमुळे." धाकटीनं त्यांना तिथल्या तिथं रिक्षा करून यायला सांगितलं आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिली. म्हातारा आला, तपासला गेला, दुपारी औषध घेऊन घरी गेला. तो दारातून बाहेर पडेपर्यंत ती आत गेली नाही.

मधेच अधीक्षकांचा शिपाई एक लिफाफा देऊन गेला. तिच्या सेवापुस्तकात नोंद झाली होती: कामात हयगय. बत्तीस वर्षांतली पहिली. तिनं पोच म्हणून सही केली. आणखी चार वर्षांनी ती निवृत्त होणार होती. ती नोंद तिच्याबरोबर जाणार होती. सही करून तिनं यादीतला पुढचा नंबर लावला.

मोठ्या सिस्टर एकदा पुन्हा जिना उतरून आल्या. कुलूपवाला घरी गेला, एवढं सांगायला. "कोण आलं होतं न्यायला?" धाकटीनं विचारलं.

"सून आली होती. आणि एक मुलगा, मागे उभा होता. म्हातारा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून गेला. मुलाशी बोलला नाही." सिस्टर खुर्चीवर टेकल्या. "तुमच्या खोलीत इतकं हलतं, कसं काम करता हो?"

"सवय झाली."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला यादीतलं शेवटचं नाव उरलं. एक म्हातारे गृहस्थ, ऐकायला कमी. तिनं तीनदा मोठ्यानं सांगितलं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "रक्त? दिलं की मी." शेवटी शेजारची कुणी बाई आली, तिनं फोन घेतला, निरोप नीट ऐकून घेतला आणि उद्या घेऊन येते म्हणाली. पण म्हाताऱ्यांनी फोन तिच्याकडून परत घेतला.

"तुम्ही दवाखान्यातून बोलताय ना? मग असं बघा," ते म्हणाले, आणि आपल्या पायाच्या नखाबद्दल सांगू लागले. नखावरून बूट, बुटावरून ते ज्या गिरणीत काम करायचे ती गिरणी, गिरणीवरून बायको. धाकटीनं डोकं भिंतीला टेकवलं. ती भिंत तिच्या कानामागं थरथरत राहिली. फोन त्यांनीच आधी ठेवायचा होता, आणि ते ठेवत नव्हते. ती अधूनमधून "हो" म्हणत होती.

पावणेपाचला त्यांनी ठेवला.

तिनं नावापुढे खूण केली, यादी खणात टाकली आणि पायी घरी निघाली. थोरलीनं दार उघडून तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पाणी आणून दिलं. धाकटी पेला हातात धरून खुर्चीवर बसली ती प्यायचं विसरून तशीच झोपली. थोरलीनं पेला तिच्या बोटांतून अलगद सोडवून घेतला.